‘दुरुस्त केलेला डेटा’ म्हणजे नक्की काय केलेला?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण जवळजवळ लिहून झालं होतं. आमच्या शहरात एका संस्थेने इमारतींच्या गच्च्यांवर स्वस्त हवा-सेन्सर बसवले आहेत. त्यांनी उदार मनाने दोन हिवाळ्यांचा डेटा मला दिला. फाइल अगदी सुटसुटीत होती, तीनच कॉलम: वेळ, ठिकाण, पीएम २.५. स्वस्त सेन्सरचं रीडिंग जसंच्या तसं वापरायचं नसतं, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी एका प्रसिद्ध पेपरमधलं दुरुस्तीचं समीकरण उचललं, सगळ्या फाइलला लावलं आणि आलेख काढले. निष्कर्ष आला की बरेचसे दिवस मानकाच्या आत आहेत. त्याच भागातल्या रहिवाशांचा एक गट हे आकडे महापालिकेत घेऊन जाणार होता. त्यांनाही मी तसं तोंडी सांगून टाकलं.

मग मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "हा पीएम २.५ कुठला गं? त्यात दोन असतात ना?"

या लेखात त्या पेपरची चिकित्सा करायची आहे. पेपर वाईट आहे म्हणून नव्हे. तो चांगलाच आहे, आणि म्हणूनच आपण सगळे तो अर्धवट वाचून वापरतो. तुमच्यापैकी जे पर्यावरणाच्या डेटावर संशोधन करणार आहेत, त्यांच्या हातात आज ना उद्या अशी तीन कॉलमांची फाइल येणार. किंवा त्याहून वाईट म्हणजे, तुम्हीच अशी फाइल दुसऱ्याला द्याल.

पेपर काय म्हणतो

बार्कजॉन, गँट आणि क्लेमेंट्स यांचा हा पेपर २०२१ साली ‘ॲटमॉस्फेरिक मेझरमेंट टेक्निक्स’ या नियतकालिकात आला. विषय होता पर्पलएअर नावाच्या सेन्सरची अमेरिकाभर चालेल अशी एकच दुरुस्ती. पर्पलएअरच्या डब्यात प्लँटॉवर कंपनीचे दोन लहान सेन्सर असतात, त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ चॅनेल म्हणतात. लेझरचा झोत कणांवर पडतो, कण प्रकाश विखुरतात आणि त्या विखुरण्यावरून कणांचं वस्तुमान किती असेल याचा अंदाज बांधला जातो. म्हणजे हा डबा कण तोलत नाही. तो चमक बघून वजन सांगतो.

इथेच आर्द्रतेची भानगड येते. पावसाळ्यात मिठाची बरणी कशी ओलसर होते, तसे हवेतले काही कण दमट हवेत पाणी धरून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला वाटतं की धूळ वाढली. सरकारी केंद्रांवरची महागडी यंत्रं हवा आत घेताना ती तापवून हा ओलावा आटोक्यात ठेवतात. स्वस्त डब्यात तशी सोय नसते. लेखकांनी पर्पलएअरची रीडिंग्ज शेजारच्या प्रमाणित यंत्रांशी ताडून बघितली आणि हे समीकरण दिलं:

दुरुस्त पीएम २.५ = ०.५२४ × सेन्सरचं रीडिंग − ०.०८६२ × सापेक्ष आर्द्रता + ५.७५

हे लावल्यावर चूक (वर्गमूळ-सरासरी-वर्ग पद्धतीने मोजलेली) घनमीटरमागे ८ मायक्रोग्रॅमवरून ३ वर आली. पुढे मी नुसतं मायक्रोग्रॅम म्हणेन. तीन स्थिरांकांच्या साध्या समीकरणाला हे यश चांगलंच म्हणायला हवं. अमेरिकेतल्या वणव्यांच्या धुराच्या नकाशावर हजारो नागरिकांचे सेन्सर दिसू शकतात, त्यामागे हे काम आहे.

आता पेपरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते, कारण ती कोणी उद्धृत करत नाही. लेखक समीकरणाआधी डेटा कसा गाळला ते सांगतात. ‘ए’ आणि ‘बी’ यांच्या २४ तासांच्या सरासरीत किमान ५ मायक्रोग्रॅमचा आणि किमान ६१ टक्क्यांचा फरक असेल, तर तो दिवस बाद. दोन्ही अटी एकदम लागू व्हायला हव्यात. कुठला कॉलम वापरला हेही ते स्पष्ट लिहितात. आर्द्रता कुठली, तर त्याच डब्यातल्या सेन्सरने मोजलेली. म्हणजे समीकरणासोबत त्याच्या वापराच्या अटीही दिलेल्या आहेत. आपण समीकरण घेतो आणि अटी पेपरातच सोडून येतो.

माझ्याकडून काय सुटलं

एक, कॉलम. पर्पलएअर पीएम २.५ चे दोन आकडे देतो. एक ‘सीएफ १’, दुसरा ‘सीएफ एटीएम’ (बँकेचं नव्हे, ॲटमॉस्फेरिकमधलं एटीएम). साधारण २५ मायक्रोग्रॅमपर्यंत दोन्ही सारखेच असतात. त्याच्या वर दोघांची वाट वेगळी होत जाते आणि प्रदूषण वाढलं की ‘एटीएम’ हा ‘सीएफ १’ च्या दोन-तृतीयांश होतो. वरचं समीकरण ‘सीएफ १’ साठी आहे.

हिशोब करून बघा. ‘सीएफ १’ चं रीडिंग १२०, आर्द्रता ५० टक्के. समीकरण देतं ६४.३. आता त्याच क्षणाचा ‘एटीएम’ आकडा असेल ८०. तोच चुकून समीकरणात घातला तर येतात ४३.४. भारताचं २४ तासांच्या सरासरीचं मानक आहे ६०. हवा तीच, डबा तोच, समीकरणही तेच. एका कॉलमने दिवस मानकाबाहेर जातो, दुसऱ्याने आत येतो. माझ्या फाइलमध्ये कॉलमचं नाव नुसतं ‘पीएम २.५’ होतं. तो ‘एटीएम’ निघाला.

गंमत म्हणजे अमेरिकेसारख्या ठिकाणी ही चूक फारशी जाणवलीही नसती, कारण २५ च्या खाली दोन्ही कॉलम एकच. आपल्याकडच्या हिवाळ्यात, जिथे खरी गरज असते तिथेच, ती फटका देते.

दोन, आर्द्रता. फाइलमध्ये ती नव्हतीच, म्हणून मी जवळच्या हवामान केंद्राची घेतली. वाटलं, आर्द्रता म्हणजे आर्द्रता. पण डबा आतून थोडा तापतो, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी दिसते. समीकरणातला ०.०८६२ हा आकडा त्या आतल्या, कोरड्या आर्द्रतेवर बसवलेला आहे. बाहेरची आर्द्रता घातली की आपण गरजेपेक्षा जास्त वजा करतो. इथेही चूक एकाच दिशेने गेली: हवा होती त्यापेक्षा स्वच्छ दाखवण्याच्या.

तीन, काय काढून टाकलं होतं ते. संस्थेला विचारल्यावर प्रामाणिक उत्तर आलं: "ए आणि बीची सरासरी घेतली, आणि जे आकडे विचित्र वाटले ते काढले." विचित्र म्हणजे काय? "म्हणजे एकदम उसळी मारलेले." दिवाळीच्या रात्री रीडिंग उसळी मारतं. कचरा पेटवला की मारतं. सेन्सरमध्ये कोळी शिरला तरी मारतं. यातलं कुठलं गेलं आणि कुठलं राहिलं, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

त्या संस्थेवर मी रागावलेली नाही. त्यांनी मेहनत करून फाइल ‘स्वच्छ’ केली, कारण संशोधकाला स्वच्छ फाइल आवडेल असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला ती आवडलीही होती.

आता पेपरशी माझे दोन मतभेद

वरच्या चुका माझ्या आहेत. पण समीकरणाच्या अटी तंतोतंत पाळल्या तरी आपल्याकडे दोन अडचणी उरतात.

पहिली आर्द्रतेच्या पदाची. ते वजाबाकीच्या रूपात आहे. आर्द्रता ३० वरून ९० टक्क्यांवर गेली तर दुरुस्त आकडा ५.२ ने खाली येतो. रीडिंग २० असो की २००, वजा होणार ५.२ च. पण फुगणं हे कणांशी बांधलेलं आहे. कण दहापट असतील तर फुगल्यामुळे आलेली खोटी वाढही साधारण त्याच पटीत असायला हवी. मग लेखकांनी असं का केलं? त्यांनी जास्त गुंतागुंतीची समीकरणंही तपासली होती, पण त्यांच्या डेटावर त्यांचा विशेष फायदा दिसला नाही. आणि त्यांच्या डेटात प्रमाणित यंत्रांची सरासरी होती ९ मायक्रोग्रॅम. तिथे वजाबाकी आणि गुणाकार यांत फरक दिसणार तरी किती? त्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबरच आहे. आपल्या देशाचं वार्षिक मानकच ४० आहे. ज्या पल्ल्यात समीकरण घडलं, त्याच्या कितीतरी बाहेर आपण ते ताणतो. पुढे त्याच संशोधकांनी दाट धुरासाठी वेगळी दुरुस्ती आणली, यावरूनच पल्ल्याचं महत्त्व कळावं.

दुसरी अडचण ‘ए’ आणि ‘बी’च्या नियमाची. समजा एका दिवशी ‘ए’ म्हणतो ७० आणि ‘बी’ म्हणतो १३०. सरासरी १००, फरक ६०, म्हणजे ६० टक्के. नियमात बसतं! डेटा ‘चांगला’ ठरतो. पण ५० टक्के आर्द्रता धरून दोघांना वेगवेगळं समीकरण लावा: ‘ए’ देतो ३८, ‘बी’ देतो ७०. एकाच डब्यातले दोन सेन्सर मानकाच्या दोन बाजूंना आहेत आणि आपल्या फाइलमध्ये मात्र एक निर्धास्त सरासरी. ९ च्या आसपास ६१ टक्के म्हणजे साडेपाच मायक्रोग्रॅम, तिथे हा नियम कडक आहे. १०० वर तोच नियम ढिला पडतो.

शिवाय दोघांचं जमलं म्हणजे दोघं खरे, असंही नाही. ‘ए’ आणि ‘बी’ एकाच कंपनीचे, एकाच डब्यातले, एकच दमट हवा पिणारे. रस्त्याच्या कामाची जाड धूळ या प्रकारच्या सेन्सरला नीट दिसत नाही. ती ‘ए’ला दिसणार नाही आणि ‘बी’लाही नाही. दोघं हातात हात घालून चुकतील आणि नियम त्यांना पास करेल. हा नियम बिघडलेला सेन्सर पकडतो. न बिघडलेल्या सेन्सरची जन्मजात मर्यादा तो पकडू शकत नाही. ‘गुणवत्ता तपासलेली आहे’ असं कोणी म्हटलं, की कुठल्या चुकीसाठी तपासली, हे विचारायलाच हवं.

दुसऱ्या क्षेत्रात हे कसं करतात

एवढी कटकट करायची तर डेटा द्यायचाच कसा? यासाठी हवेतून थोडं समुद्रात जाऊ या, कारण समुद्रशास्त्रवाल्यांनी हा धडा आपल्या आधी, आणि चटके खाऊन, घेतला आहे.

आर्गो हा जगभरच्या महासागरांत तरंगणाऱ्या सुमारे ४,००० यंत्रांचा प्रकल्प. प्रत्येक यंत्र साधारण १० दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येतं, येताना तापमान, क्षारता आणि दाब मोजतं आणि उपग्रहामार्फत पाठवतं. आपल्या देशाचं या डेटाचं केंद्र हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये आहे. आर्गोची फाइल उघडून बघा, हा तुमचा गृहपाठ समजा. प्रत्येक मोजणीसाठी मूळ आकडा असतो, त्याच्या शेजारी गुणवत्तेचा अंक (१ चांगला, २ बहुधा चांगला, ३ बहुधा वाईट, ४ वाईट), मग दुरुस्त आकडा वेगळ्या जागी, आणि त्या दुरुस्त आकड्यात किती चूक असू शकेल तेही. वाईट ठरलेला आकडा पुसत नाहीत, त्याला ४ देतात आणि राहू देतात. आधी यंत्राने केलेली झटपट तपासणी येते. नंतर माणसाने बसून केलेली सावकाश तपासणी येते. फाइल कुठल्या टप्प्यावर आहे तेही फाइलमध्येच लिहिलेलं असतं.

याचा उपयोग काय? २००६ साली लायमन, विलिस आणि जॉन्सन यांचा पेपर आला की २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला. तापमानवाढीच्या चर्चेत हा बॉम्बच होता. पुढच्याच वर्षी उलगडा झाला. काही यंत्रं तापमान नीट मोजत होती, पण ते चुकीच्या खोलीवर नोंदवत होती. त्यात जुन्या पद्धतीच्या, जहाजावरून टाकायच्या तापमापकांचा उलट दिशेचा दोष मिसळला. दोन्ही मिळून खोटी थंडी तयार झाली. लेखकांनी स्वतःच चूक जाहीर केली.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, आर्गोसारख्या व्यवस्थेतही ते आकडे विश्लेषणात शिरलेच, कारण त्या वेळच्या तपासण्यांना ती चूक दिसत नव्हती. म्हणजे ‘१ चांगला’ याचा खरा अर्थ ‘आजवरच्या तपासण्यांत यात काही सापडलं नाही’ एवढाच. दुसरी, चूक सापडल्यावर ती निस्तरता आली. कुठलं रीडिंग कुठल्या प्रकारच्या यंत्राचं, याची नोंद आकड्यासोबत होती. म्हणून दोषी यंत्रं वेगळी काढता आली. त्यांच्याकडे ‘वेळ, ठिकाण, तापमान’ अशी माझ्यासारखी सुटसुटीत फाइल असती, तर समुद्र थंड झाला की नाही यावर अजून वाद चालू असता.

आर्गोच्या अंकांवर माझी एक तक्रार मात्र आहे. ३ म्हणजे ‘बहुधा वाईट’ हे कळतं, पण का वाईट हे त्या एका अंकातून कळत नाही. कारण शोधायला दुसऱ्या नोंदींमध्ये शिरावं लागतं. हवेच्या सेन्सरसाठी तर कारणच महत्त्वाचं आहे. फटाक्यांमुळे आलेली उसळी आरोग्यावर काम करणाऱ्याला हवीच असते. ऋतुमानाचा कल बघणाऱ्याला ती नको असते. दोघांसाठी ‘चांगला डेटा’ वेगळा आहे. म्हणून डेटा देणाऱ्याने घेणाऱ्याच्या वतीने निवाडा करून आकडे पुसू नयेत. शंका लिहावी, कारण लिहावं आणि आकडा राहू द्यावा.

मग तुमच्या फाइलमध्ये काय असावं

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मी आता स्वतःसाठी हे ठरवलं आहे:

१. मूळ आकडा कधीच बदलायचा नाही. ‘ए’ आणि ‘बी’ वेगळे, कॉलमचं पूर्ण नाव, आतली आर्द्रता आणि तापमान, सगळं जसं आलं तसं. फाइल जड होते म्हणून आर्द्रता गाळू नका. हल्ली पेन ड्राइव्ह स्वस्त आहे, हिवाळा परत आणता येत नाही.

२. दुरुस्त आकडा वेगळ्या कॉलममध्ये, सोबत कुठलं समीकरण आणि कधी लावलं.

३. शंकेचा एक कॉलम आणि तिच्या कारणाचा दुसरा. ‘ए-बी जुळत नाहीत’, ‘आकडा तासन् तास तोच आहे’, ‘आकडा यंत्राच्या कमाल मर्यादेला टेकला’, ‘वीज गेली होती’. साध्या मराठीत लिहिलं तरी चालेल.

४. सेन्सरची डायरी. कधी बसवला, कुठे हलवला, कधी साफ केला, प्रमाणित यंत्राशेजारी कधी ठेवून बघितला. शेजारच्या गच्चीवर तंदूर सुरू झाला असेल तर तेही.

५. काय तपासलेलं नाही, याची दोन ओळींत कबुली. ही लिहायला सगळ्यात जड जाते. परीक्षक काय म्हणतील अशी भीती वाटते. पण परीक्षकाने विचारण्याआधी आपण लिहिलेलं बरं, हे मी अनुभवाने सांगते.

पुढे काय झालं

संस्थेने दुसऱ्या हिवाळ्याच्या मूळ फाइल शोधून दिल्या. त्यात दोन्ही कॉलम होते, आर्द्रता होती. तो भाग मी नव्याने केला. ‘मानकाच्या आत’ असलेले बरेच दिवस बाहेर गेले. पहिल्या हिवाळ्याच्या मूळ फाइल कोणी ठेवल्याच नव्हत्या. ‘एटीएम’वरून ‘सीएफ १’ अंदाजाने काढता आला असता. पण आर्द्रता नाही, ए-बीचा फरक नाही, आणि काढून टाकलेले दिवस कुठले तेही माहीत नाही. तो हिवाळा प्रकरणातून काढून टाकला. दोन हिवाळ्यांची तुलना हाच त्या प्रकरणाचा कणा होता, त्यामुळे प्रकरणाचं नावही बदलावं लागलं.

रहिवाशांच्या गटाकडे परत जाणं जास्त कठीण होतं. मी कॉलम, आर्द्रता, समीकरण सगळं समजावून सांगितलं. एका काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, ते सगळं ठीक आहे. पण आधी तू चांगली म्हणालीस. आता त्या वर्षी हवा चांगली होती की वाईट, एवढंच सांग."

मी म्हटलं, "त्या वर्षीचं मला आता सांगता येणार नाही, काका."

आता त्यांच्याच सोसायटीच्या गच्चीवर एक डबा आहे, आणि खाली वॉचमनच्या टेबलावर एक वही. दिवे गेले की, पाण्याच्या टाकीचं काम निघालं की, कोणी पालापाचोळा पेटवला की वॉचमनकाका तारीख-वेळ टाकून एक ओळ लिहितात. या हिवाळ्याचा डेटा मी कोणाला देईन तेव्हा त्या वहीची पानं फोटो काढून सोबत देणार आहे.

पुढच्या लेखात स्वस्त सेन्सर प्रमाणित यंत्राशेजारी किती दिवस ठेवायचा आणि कुठल्या ऋतूत, यावर लिहिते. तोवर तुमच्याकडची एखादी डेटा फाइल उघडा आणि प्रत्येक कॉलमचं पूर्ण नाव तुम्हाला सांगता येतं का, ते बघा.